एल्मरिजच्या थाळ्यावरचा बगळा

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९३५

ही वही होलीओकबाईंनी नाताळात दिली. होलीओकबाई म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या राणीसाहेब. देताना म्हणाल्या, "टॅपस्कॉट, तुमची गाऱ्हाणी हिला सांगत जा, माझे कान दुखतात." म्हणून मुद्दामच दीड महिना कोरी ठेवली. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

सकाळच्या टपालात जिल्हा समितीचं पत्र आलं. राजेसाहेबांना गादीवर बसून येत्या मे महिन्यात पंचवीस वर्षं होतात. त्यानिमित्त केल्सबरीच्या सभागृहात जिल्ह्यातल्या जुन्या घराण्यांच्या चांदीचं प्रदर्शन भरणार आहे. समितीचे प्रमुख कॅप्टन ऑर्ड लिहितात की प्रदर्शनाची सुरुवात एल्मरिजच्या, म्हणजे आमच्या घरच्या, चांदीच्या थाळ्यानं व्हावी अशी सर्वांची इच्छा आहे. सर्वांची. मी दुसऱ्याची पत्रं वाचत नाही, आमच्या बाईसाहेबांनीच, लेडी स्टॅनियन यांनी, मोठ्यानं वाचलं. मी, त्यांचा बटलर, चहा ओतत होतो.

पत्राची घडी घालून बाईसाहेब म्हणाल्या, "आपण नाही पाठवायचा. तसं कळवून टाकते." आणि टोस्टला मार्मालेड लावायला लागल्या.

किटली हलली नाही. सदतीस वर्षांत माझ्या हातात कधी काही हललं नाही आणि कधी काही पडलंही नाही, हे या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. पण आत जे व्हायचं ते झालंच.

हा थाळा अडीचशे वर्षांपूर्वीचा. हात पसरून धरावा लागतो एवढा मोठा. जेवायचा नव्हे, मांडायचा. जेवणघरात भिंतीलगतच्या मेजावर तो उभा असतो आणि पाहुण्यांनी आत आल्याबरोबर त्याच्याकडे बघायचं, एवढंच त्याचं काम. मधोमध स्टॅनियन घराण्याचं कुलचिन्ह कोरलेलं आहे: तीन बुरूज, त्यांच्यावर बगळा, बगळ्याच्या चोचीत वाम. वामीच्या शेपटीला दोन वळसे आहेत. तिसरा वळसा काढणारे अडाणी, असं आमचे सर ह्युबर्ट, बाईसाहेबांचे यजमान, म्हणायचे. ते जाऊन आता सहा वर्षं झाली.

या बगळ्याला मी रोज स्वतः अंगठ्यानं घासत आलोय. तो जिल्ह्याला दाखवायचा नाही, तर मग मी केलं काय आयुष्यभर?

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आज विषय काढलाच. बाईसाहेब उन्हात बसून लोकर गुंडाळत होत्या. मी म्हणालो, "थाळ्याबद्दल बोलायचं होतं, बाईसाहेब."

"मला वाटलंच. तुम्ही दोन दिवस दारं फार हळू लावताय."

"कारण विचारलं तर चालेल?"

"म्हातारा झालाय तो, टॅपस्कॉट. त्याला प्रवास झेपायचा नाही."

"चांदी म्हातारी होत नाही, बाईसाहेब. उलट उजळत जाते. आणि मी स्वतः मांडीवर घेऊन जाईन."

त्या हसल्या, पण माझ्याकडे न बघता. "तुमचं फार प्रेम आहे त्याच्यावर."

"प्रेम नव्हे, कर्तव्य आहे," मी म्हणालो. लोकर सुटली होती, ती त्या पुन्हा गुंडाळत बसल्या.

मला एक गोष्ट कधी समजली नाही. घरच्या माणसांना आपल्या चीजवस्तूंची किंमत नसते की काय कोण जाणे. जेवताना बाईसाहेबांची खुर्ची थाळ्यासमोर असते, पण त्या बघतात खिडकीबाहेर.

शनिवार, २३ फेब्रुवारी

आज बाजारात गॅमन भेटला. ब्रॅकन पार्कचा बटलर. त्याचे मालक बिअरवाले. त्यांच्या कुलचिन्हातला सिंह त्यांच्या आजोबांच्या वेळचा, म्हणजे माझ्याहून धाकटा. तरी गॅमन चालतो असा, की त्याला स्वतःलाच आयाळ आहे.

"काय टॅपस्कॉट, तुमचा बगळा येत नाही म्हणे प्रदर्शनाला?" मासळीच्या दुकानात दहा माणसांदेखत विचारलं त्यानं. "पंख झडले की काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "कोण म्हणतं? येतोय. तुमच्या सिंहाला जरा सरकून बसायला सांगा."

तोंडातून शब्द गेला आणि मग कळलं काय बोललो ते. गॅमनच्या पोटात काही राहत नाही. त्याची बहीण कॅप्टन ऑर्डकडे कामाला आहे. हॅडकचे मासे घ्यायला गेलो होतो, ते तसेच विसरून आलो. होलीओकबाईंनी त्यावर अर्धा तास माझी हजेरी घेतली.

सोमवार, ४ मार्च

समितीची छापील यादी आली. क्रमांक एक: एल्मरिजचा थाळा, लेडी स्टॅनियन यांच्या सौजन्याने.

यादी बाईसाहेबांच्या हातात दिली आणि उभाच राहिलो. मी खोटं बोलत नाही, निदान त्या शनिवारपर्यंत तरी बोललो नव्हतो. "ही चूक माझी आहे," म्हणालो आणि मासळीच्या दुकानातलं सगळं सांगितलं. सिंहाला सरकायला सांगितलं तेही.

बाईसाहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता नोटीस मिळणार. पण त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या.

"ह्युबर्ट म्हणायचा, लढाई जिंकणं सोपं, टॅपस्कॉटची समजूत काढणं कठीण." मग यादी पुन्हा उचलली. "छापून आलंय म्हणजे गेलाच पाहिजे. तुम्हांला एवढं वाटतंय तर जाऊ दे. काय व्हायचं ते होईल."

"काय होणार, बाईसाहेब? लोक माना मोडेपर्यंत बघतील."

"हो," त्या म्हणाल्या. "तीच तर भीती."

बाईसाहेबांना पहिल्यापासून मिरवायची आवड नाही. ते मोठेपण त्यांचं. मिरवायला मी आहे.

मंगळवार, १९ मार्च

कामाला लागलो. रोज दुपारी दोन तास, चांदीच्या खोलीत आतून कडी लावून. आजकाल बाटलीतली पातळ पॉलिशं निघालीत, फडक्यानं पुसली की झालं. गॅमन तीच वापरतो, त्याच्या चमच्यांना अजून वास येतो. आमची पद्धत वेगळी. चांदी उजळायची तांबडी भुकटी घ्यायची, थेंबभर पाण्यात कालवायची, आणि उघड्या अंगठ्याच्या मांसल भागानं घासायचं. फडकं नाही, कातडं नाही. सुरुवातीची दोन वर्षं अंगठ्याला फोड येतात. मग अंगठाच घट्ट होतो आणि चांदीला असा रंग चढतो, की बघणाऱ्याला वाटावं आत दिवा लावलाय.

बगळ्याच्या छातीपाशी आज थोडी तांबूस छटा दिसली. भुकटी नीट धुतली गेली नाही, दुसरं काय. कोरलेल्या रेघांत ती अडकून बसते. गरम पाण्यानं धुऊन पुन्हा घासलं.

मंगळवार, २ एप्रिल

तांबडं जात नाही. उलट पसरतंय. परवा बगळ्याच्या छातीपाशी होतं, आता डाव्या बुरुजावरही आलंय. भुकटी बदलली. केल्सबरीच्या दुकानदाराला जाऊन चार शब्द सुनावले की त्याच्या भुकटीचा रंग उतरतो. तो म्हणाला, चाळीस वर्षांत अशी तक्रार नाही. मी म्हणालो, चाळीस वर्षांत तुमच्याकडे घासणारं गिऱ्हाईकच आलं नसेल.

होलीओकबाई गरम पाणी घेऊन आल्या होत्या, त्यांना थाळा दाखवला. त्या वाकून बघायला लागल्या. एरवी या बाईंना एका श्वासात तीन वाक्यं लागतात. आज एक नाही.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"माझं ऐकाल तर आता घासणं पुरे करा."

"पुरे? अजून महिना आहे."

"तेच म्हणतेय. हात आवरा."

स्वयंपाकघरातल्या माणसानं चांदीत लक्ष घालू नये. मी काय त्यांच्या रश्श्यात मीठ घालायला जातो? तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मिठाची गुळणी धरली आणि निघून गेल्या. संध्याकाळी माझ्या वाट्याला रुबार्बच्या पेस्ट्रीचा करपलेला कोपरा आला.

मंगळवार, २३ एप्रिल

ईस्टर आटोपला. आज समितीचं दुसरं पत्र आलं. लंडनहून कोणी मिस्टर क्विल्टर येणार आहेत. चांदीतले फार मोठे जाणकार. प्रत्येक वस्तू ते हातात घेणार, मागचे शिक्के बघणार, तोलणार आणि मग चिठ्ठी लिहिणार. पत्र वाचून बाईसाहेब म्हणाल्या, "तोलणार?" आणि चहा न घेताच बागेत गेल्या.

मला मात्र आनंद झाला. आमच्या थाळ्याच्या पाठीवर जुन्या सोनारानं वजन ओरखडून ठेवलंय, त्या काळी तशी रीतच होती. एकशे बेचाळीस औंस. क्विल्टरसाहेबांना सांगायला आपल्याकडे आकडा तयार असावा म्हणून मी थाळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. चांदीचा औंस वेगळा, किराण्याचा वेगळा. कागदावर बदलून काढलं. एकशे वीस आले. पुन्हा काढलं. एकशे वीस.

बावीस औंस कुठे गेले?

मग एकदम उमगलं. मी घासले. सदतीस वर्षं रोज अंगठ्यानं घासून घासून बावीस औंस चांदी मी पाण्याबरोबर मोरीत सोडली. ज्याची राखण करायची, तोच मी खाल्ला. आता जाणकार येणार, काटा लावणार आणि जिल्ह्यासमोर म्हणणार, बटलरनं थाळा झिजवला.

जेवण गेलं नाही.

बुधवार, २४ एप्रिल

होलीओकबाईंना सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. "बावीस औंस अंगठ्यानं?" त्या म्हणाल्या. "तुमचा अंगठा आहे की कानस?"

मग माझ्याकडे बघून त्यांची थट्टा थांबली. त्या उठल्या, फळीवरून मोठं तांब्याचं पातेलं काढलं, सॉसचं. आतून त्याला कथिलाची कल्हई असते. ती बुडाशी झिजली की आतलं तांबं दिसायला लागतं आणि मग होलीओकबाई पातेलं कल्हईला पाठवतात. हे झिजलेलंच होतं. त्यांनी ते थाळ्याशेजारी ठेवलं, बगळ्याच्या छातीला लावून.

दोन्हींचा रंग एकच होता.

"मला वाटलं तुम्हांला कळलं असेल," त्या म्हणाल्या. "आणि कळूनही तुम्ही बोलत नसाल, तर मी का बोलू?"

मी थाळा उचलून चांदीच्या खोलीत नेला आणि कडी लावली. घासलं नाही. नुसता बसून होतो.

गुरुवार, २५ एप्रिल

आता नीट आठवून लिहितो. लढाईत मी सर ह्युबर्टबरोबर त्यांचा अर्दली म्हणून गेलो होतो. तिथल्या विषारी वायूनं माझी छाती धरली. एकवीस साली ती इतकी बिघडली की केल्सबरीच्या डॉक्टरांनी हात टेकले. मला स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या रुग्णालयात आठ महिने ठेवलं. रेजिमेंटचा फंड असतो, त्यातून होतं सगळं, असं सर ह्युबर्ट म्हणाले. रेजिमेंटचे उपकार मी विसरलेलो नाही, दर नाताळात कार्ड पाठवतो. उत्तर कधी येत नाही, मोठी संस्था आहे, त्यांना वेळ कुठला.

परत आलो तेव्हा थाळा हाती घेतला, तो हलका लागला. मला वाटलं, आठ महिने दूध-अंडी खाऊन दंडात जोर आला. सर ह्युबर्ट म्हणाले होते, मधे पोचा आला म्हणून लंडनला दुरुस्तीला पाठवला होता. त्यांनी तेव्हाच विकला असणार. विजेच्या टाकीत साचा बुडवून तांब्याची हुबेहूब नक्कल करतात, वरून चांदीचा पातळ हात देतात. पाठीवरचे ओरखडेसुद्धा जसेच्या तसे उतरतात. फक्त वजन उतरत नाही, तांबं चांदीहून हलकं. मी असतो तर एका बोटात ओळखलं असतं. मी नव्हतो, म्हणूनच तेव्हा केलं.

कशापायी विकला असेल? घोडे असतील. सर ह्युबर्टना घोड्यांचा नाद होता. दिवसभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो. मालक, एक वेळ छप्पर विकायचं होतं. घराण्याचं तोंड विकलंत, आणि चौदा वर्षं मला तांब्याची सेवा करायला लावलीत.

पण माझं राहू दे. बाईसाहेबांचं काय? त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. असतं तर मला सांगितलं नसतं? नवऱ्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं मानणारी ती बाई. येत्या आठवड्यात लंडनचा माणूस परक्या लोकांसमोर सांगणार की तुमच्या नवऱ्यानं तुम्हांला फसवलं. थाळा पाठवायला त्या नाहीच म्हणत होत्या. मी माझी शेखी मिरवायला त्यांना यात ओढलं.

हे व्हायचं नाही.

शुक्रवार, २६ एप्रिल

पाठवू नका म्हणावं, तर त्या कारण विचारतील. पाठवण्याजोगाच राहिला नाही, तर कोणी काही विचारणार नाही. एकच रस्ता होता आणि तो माझ्याच हातात होता.

सकाळी अकरा वाजता थाळा घेऊन चांदीच्या खोलीत उभा राहिलो. खाली दगडी फरशी आहे. छातीएवढा उंच धरला आणि बोटं सोडली. म्हणजे सोडायची ठरवली. बोटं सुटेनात. त्यांना दुसरं काही शिकवलेलंच नाही. पुन्हा धरला, डोळे मिटले, तरी नाही. शेवटी त्याच्याकडे न बघता मोठ्यानं म्हणालो, "तू तो नाहीस," आणि हात मागे घेतले.

आवाज वाईट झाला. काठ आत वळला आणि बुरुजांवर खळगा पडला. बगळा वाचला. होलीओकबाई धावत आल्या, दारातून एकदा थाळ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बसा," म्हणाल्या. चहा दिला, आणि त्यात ब्रँडी होती, ती न विचारता.

मग बाईसाहेबांकडे गेलो. ताठ उभा राहून म्हणालो, "बाईसाहेब, थाळा माझ्या हातून पडला. काठ मोडलाय. प्रदर्शनाला जाण्याजोगा राहिला नाही. माझा राजीनामा तयार आहे."

त्यांनी पुस्तक मिटलं. "पडला?"

"होय."

"तुमच्या हातून."

"हात सुटला. वय झालं, बाईसाहेब."

हे शब्द उच्चारताना जीभ अडखळली. बाईसाहेब माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या, की मला वाटलं पकडला गेलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. थाळा घराण्याचा, येणारच.

"राजीनामा वगैरे काही नको," त्या म्हणाल्या. "वस्तूच ती. त्या थाळ्याच्या बदल्यात माणूस धड राहिलं तर मला तेवढं पुरे. मी ह्युबर्टलाही तेच म्हटलं होतं."

"कधी, बाईसाहेब?"

"झाली त्याला बरीच वर्षं." मग एकदम विचारलं, "तुमची छाती कशी आहे हल्ली?"

"थंडी सरल्यापासून उत्तम."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि नाक पुसून पुन्हा पुस्तक उघडलं.

एवढं नुकसान झालेलं असताना नोकराच्या छातीची चौकशी. अशा बाईंसाठी माणसानं दहा थाळे पाडावेत.

सोमवार, २९ एप्रिल

कॅप्टन ऑर्ड थाळा न्यायला आले. मी स्वतःच दारात सांगितलं, माझ्याच हातून पडला म्हणून. त्यांनी असं बघितलं, की मी दारू पितो की काय. मग म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना? क्विल्टर उद्या येतोय, त्याच्याकडे ठोकून सरळ करणारा माणूस आहे. द्या इकडे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जिन्यावरून बाईसाहेबांचा आवाज आला, "नाही." केवढ्या जोरात. "त्याला कोणी हात लावायचा नाही, कॅप्टन. जसा आहे तसा राहू दे."

काय योगायोग पाहा. मला जे हवं होतं नेमकं तेच त्या बोलल्या, आणि का हवं होतं ते त्यांना ठाऊकही नाही.

शुक्रवार, ३ मे

अख्ख्या केल्सबरीत बातमी झालीय. मासळीवाल्यानं माझ्या हातात पिशवी देताना विचारलं, "धरली ना नीट?" गॅमननं मला रस्त्याच्या पलीकडून टोपी काढून सलाम केला, दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरून. लोक हसले.

सदतीस वर्षं गेली नाव करायला. मी पिशवी घेऊन घरी आलो.

सोमवार, ६ मे

चर्चच्या घंटा सकाळपासून वाजतायत. मी प्रदर्शनाला जाणार नव्हतो. नाश्त्याला बाईसाहेब म्हणाल्या, "दहा वाजता गाडी. तुम्ही माझ्याबरोबर येताय. पुढे नाही, मागे बसायचं, माझ्या शेजारी."

"बाईसाहेब, लोक काय म्हणतील?"

"तेच ऐकायला जातोय आपण."

सभागृह भरलेलं होतं. क्रमांक एकच्या जागी आता ब्रॅकन पार्कची सिंह कोरलेली चांदी. गॅमन शेजारी उभा, छाती पुढे काढून. चांदीला अजून पॉलिशचा वास येत होता. बाईसाहेब काठी टेकत थेट तिकडेच निघाल्या. कॅप्टन ऑर्ड, बिअरवाले मालक, पाद्रीबुवा, सगळे तिथंच.

कॅप्टन म्हणाले, "एल्मरिजच्या थाळ्याची उणीव भासतेय, लेडी स्टॅनियन. नोकरमाणसं म्हातारी झाली की असं व्हायचंच."

गॅमन गालात हसला.

"नोकरमाणसं?" बाईसाहेब म्हणाल्या. आवाज साऱ्या सभागृहात गेला. "थाळा मी पाडला, कॅप्टन. मी, माझ्या हातानं. टॅपस्कॉटनं माझ्यासाठी दोष अंगावर घेतला, कारण माझी मान खाली गेलेली त्याला बघवत नाही. सदतीस वर्षांत या माणसाच्या हातून एक चमचा पडलेला नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरात असा माणूस असेल तर मला दाखवा."

"बाईसाहेब, हे खरं..." एवढंच बोललो, तर त्यांनी काठी माझ्या बुटावर ठेवली आणि तिच्यावर भार दिला.

पाद्रीबुवांनी टोपी काढली. बाईसाहेबांसाठी नव्हे, माझ्यासाठी. आणि कॅप्टन ऑर्डनी माझा हात हातात घेतला. गॅमन दुसरीकडे बघत होता.

परतताना गाडीत मी म्हणालो, "तुम्ही खोटं बोललात, बाईसाहेब."

"थोडंसं."

"थाळा माझ्याच हातून पडला होता."

"असं तुम्ही म्हणता," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. कुंपणांवर हॉथॉर्नची पांढरी फुलं फुलली होती. मग म्हणाल्या, "उद्यापासून तो पुन्हा मेजावर ठेवा. खळगा भिंतीकडे नको, दिसू दे. आणि टॅपस्कॉट, यापुढे घासाल ते हलक्या हातानं. अगदी हलक्या."

माझे सांधे दुखतात हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसतं. एवढ्या गडबडीतही माझ्या अंगठ्याची काळजी. मी नुसतं "होय" म्हणालो.

आता हे लिहितोय आणि स्वयंपाकघरातून होलीओकबाई गाताना ऐकू येतंय, बेसूर. गॅमनकडे सिंह आहे, समितीकडे पहिला क्रमांक आहे, मला काहीच नको. दुसऱ्याची लाज स्वतःच्या अंगावर घेणारी बाई माझ्या घरात आहे. आणि नवऱ्यानं तिला चांदी म्हणून तांबं दिलं, हे तिला कधी कळणार नाही. मी आहे तोवर तरी नाही.